मिशीवाला मासा घरी आणण्याआधी



शेळी, कोंबडी, परसबाग यांवर आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज बोलायचंय काचेच्या टाकीतल्या माशाबद्दल. तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या लोकांचा शौक, आपल्याला काय त्याचं? पण आता तसं राहिलेलं नाही. तालुक्याच्या आठवडी बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडजवळच्या दुकानात रंगीत मासे मिळतात. पिशवीत पाणी, पाण्यात मासा, वर रबर. पोरं हट्ट करतात, आपण घेऊन देतो. आमच्या प्रभागातल्या गावांमध्ये फिरताना आम्हाला कुठे किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, कुठे ब्युटी पार्लरमध्ये, कुठे अंगणवाडीच्या खिडकीत फिशटँक दिसतो. लहान मुलं त्यापुढे तासन् तास बसतात. छानच आहे.

टाकी घेतली की दुकानदार एक वाक्य हमखास बोलतो: "ताई, हा एक सकर घेऊन जा, टाकी साफ ठेवतो." बोटाएवढा काळा मासा, काचेला चिकटून बसलेला. स्वस्तही असतो. हाच मासा वर्ष-दीड वर्षात वीतभर होतो आणि पुढे हातभर. टाकीत मावत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "जीव मारायचा कशाला? सोडून देऊ विहिरीत." खरा घोटाळा इथूनच सुरू होतो.

सकर हा कॅटफिशच्या कुळातला, म्हणजे मिशीवाल्या माशांपैकी. आज आपण तीन गोष्टी बघू. मिशीवाले मासे ओळखायचे कसे, घरात नीट सांभाळायचे कसे, आणि नकोसे झाले तर करायचं काय. ही तिसरी गोष्ट आपल्या गावच्या पाण्याशी आणि मासेमारीवर पोट असलेल्या मैत्रिणींच्या घराशी जोडलेली आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

मिशीवाला मासा म्हणजे कोणता?

नदीकाठच्या मैत्रिणींना हे कूळ नवीन नाही. मागूर, शिंगी, शिवडा हे सगळे त्याच कुळातले. कोकणातल्या मैत्रिणींच्या टोपलीतला शिंगाळा, तोही त्यातलाच. जगात या कुळाच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. काही अंगठ्याएवढ्या, काही माणसाच्या उंचीच्या.

ओळखीच्या खुणा तीन.

पहिली खूण, तोंडाभोवतीच्या मिशा. मांजरीसारख्या दिसतात, म्हणून इंग्रजीत 'कॅट' म्हणजे मांजर हे नाव पडलं. या मिशा म्हणजे केस नव्हेत, ती मऊ मांसल बोटंच समजा. गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात हा मासा मिशांनी चाचपतो, वास घेतो आणि चवसुद्धा मिशांनीच घेतो.

दुसरी खूण, अंगावर खवले नसतात. मागूर-शिंगीचं अंग नुसतं गुळगुळीत, बुळबुळीत. सकर आणि कोरी यांच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडाची कडक तकटं असतात, चिलखतासारखी. नुसत्या मिशा बघून फसू नका. आपल्या तळ्यातल्या सायप्रिनसलाही तोंडाजवळ छोट्या मिशा असतात, पण त्याच्या अंगावर खवले असतात. तो कॅटफिश नव्हे.

तिसरी खूण, काटे. पाठीवरच्या पराच्या सुरुवातीला एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असा ताठ काटा बहुतेक जातींना असतो. घाबरला की मासा हे काटे उभे करून अडकवून ठेवतो, मग कितीही दाबले तरी बसत नाहीत. शिंगीचा काटा तर विषारी असतो, लागला की हात ठणकून निघतो. कुणाला काटा लागलाच तर जखम स्वच्छ धुवा, हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. गरम पाण्याने ठणका कमी होतो, पण काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो डॉक्टरनेच काढायला हवा.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

दुकानात माशांना शास्त्रीय नाव कुणी सांगत नाही. बाजारातलं नाव एक, मासा भलताच. म्हणून नावावर जाऊ नका, अंगाची खूण बघा.

कोरी : घरासाठी सगळ्यात गुणी मासा. लांबी दोन-तीन बोटांच्या रुंदीएवढी, फार तर सहा-सात सेंटीमीटर. अंगावर दोन्ही बाजूंना तकटांच्या दोन ओळी, तोंडाशी छोट्या मिशा, डोळे मिचकावल्यासारखे हलवतो. तांबूस रंगाचा, ठिपक्यांचा आणि पांढरा गुलाबी डोळ्यांचा असे प्रकार मिळतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. याला सोबत लागते. एकटा कोरी कोपऱ्यात बसून राहतो, सहा जण असले की टाकीभर फिरतात. मधेच एखादा सुसाट वर येऊन हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. घाबरू नका. तो आतड्यातूनही श्वास घेऊ शकतो, ती त्याची रीतच आहे. मात्र सगळेच मासे सारखे वर येऊन धापा टाकत असतील, तर पाणी बिघडलं आहे असं समजा.

मोठा सकर : याला काही दुकानांत पिल्को म्हणतात. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, वाटीसारखं, काचेला चिकटणारं. अंगावर बिबट्यासारखी किंवा जाळीदार नक्षी. पाठीवरचा पर शिडासारखा मोठा. लहानपणीच ओळखायची एक युक्ती सांगतो. मासा पर उभा करेल तेव्हा पहिला जाड काटा सोडून मागच्या काड्या मोजा. दहा किंवा त्याहून जास्त भरल्या, तर हा हातभर वाढणारा मासा आहे. घरच्या टाकीसाठी तो नाहीच.

ब्रिस्टलनोज : हाही सकरच, पण छोटा. बारा ते पंधरा सेंटीमीटरवर वाढ थांबते. मोठ्या नराच्या नाकावर फाटे फुटलेल्या मऊ शिंगांसारखे कोंब येतात, तीच याची खूण. शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर हा मागा. एका अडीच-तीन फुटी टाकीत एकच पुरे.

'शार्क' म्हणून मिळणारा मासा : चंदेरी अंग, बाजूने काळसर पट्टा, सतत धावणारा. मुलांना 'शार्क' नाव ऐकूनच हवासा वाटतो. हा शार्क नव्हे, हा पंगास. तळ्यात आणि धरणातल्या पिंजऱ्यात खाण्यासाठी वाढवतात तोच, आणि शहरातल्या हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बहुतेकदा हाच. मोकळ्या पाण्यात मीटरभर वाढतो. स्वभावाने घाबरट, जरा आवाज झाला की काचेवर डोकं आपटून घेतो. दोन फुटी टाकीत याला ठेवणं म्हणजे बैलाला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवणं.

काच कॅटफिश आणि उलटा कॅटफिश : काच कॅटफिशच्या अंगातून आरपार दिसतं, काटाही मोजता येतो. तोही घोळक्याने राहणारा, पण नाजूक. पाणी जरा बदललं की मान टाकतो. उलटा कॅटफिश आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला. तो पोट वर करून पोहतो आणि त्याचं पोट पाठीपेक्षा काळं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मासा मेला, पण तो मजेत असतो. दोन्ही चांगले, पण हात बसल्यावर आणायचे.

थाई मागूर : हा मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. नाव थाई, पण मूळचा आफ्रिकेतला. आपल्या देशात २००० सालापासून त्याच्यावर बंदी आहे. हाताला लागेल ते खातो, बारक्या माशांचा फडशा पाडतो, हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. आपल्या राज्यात मत्स्यव्यवसाय विभागाने कारवाया करून त्याची तळी नष्ट केली आहेत. आपला देशी मागूर आधीच कमी होत चालला आहे, त्यात ही भर.

टाकी कुठे आणि कशी?

सहा कोरी आणि वरच्या पाण्यात फिरणारे सात-आठ गप्पी यांच्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. म्हणजे काचेसकट ६० किलोच्या वर वजन झालं. डुगडुगत्या स्टुलावर ठेवू नका. सपाट मजबूत टेबल, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. थेट ऊन येईल तिथे नको, पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

गोल काचेचं भांडं घेऊ नका. दिसायला छान, पण त्यात पाणी कमी, हवा कमी, आणि तळाला राहणाऱ्या माशाला फिरायला जागा नाही.

तळाला वाळू बारीक आणि गोलसर कणांची हवी. कोरी दिवसभर वाळूत तोंड खुपसून अन्न शोधतो. धारदार खडी असली की त्याच्या मिशा झिजतात, जखमा होतात. नदीची बारीक वाळू सात-आठ पाण्यांनी धुवा, पाणी नितळ येईपर्यंत.

लपायला जागा द्या. त्यासाठी बाजारातला प्लॅस्टिकचा राजवाडा लागत नाही. नारळाची अर्धी करवंटी उकळून, घासून, एका बाजूने दार पाडून पालथी ठेवा. फुटलेल्या मडक्याचं खापर चालतं, फक्त कडा घासून बोथट करा. बहुतेक मिशीवाले मासे रात्री फिरणारे आहेत. दिवसा लपायला मिळालं नाही की ते भेदरून राहतात आणि आजारी पडतात.

विजेची एक काळजी घ्या. पंपाची वायर भिंतीतल्या बटणाकडे जाताना आधी खाली झोल खाऊन मग वर गेली पाहिजे. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करा. अंगणवाडीत टाकी असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

पाणी : सगळा खेळ इथेच आहे

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. आपल्याला ती चांगली, माशाच्या कल्ल्यांना मात्र जाळते. पाणी तोंड उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, मधून मधून हलवा, मग वापरा. पावसाळ्यात पावडरचं प्रमाण वाढवतात, तेव्हा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढं घाला. फिल्टर मशीनचं, म्हणजे आरओचं, नुसतं पाणी वापरू नका. त्यात क्षार उरत नाहीत आणि माशाला थोडे क्षार लागतात.

आता नवीन टाकीतले मासे आठवड्यात का मरतात ते बघू. गोठा दोन दिवस काढला नाही तर नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तोच अमोनिया पाण्यात उतरतो. वास आपल्याला येत नाही, पण मासा त्यातच श्वास घेत असतो. जुन्या टाकीत या अमोनियाला खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करून असतात. ते अमोनियाचं रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात सोसतं. नवीन टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

याला सोपा उपाय आहे, आणि तो आपल्याला दह्याने शिकवलेला आहे. दूध नुसतं ठेवलं तर नासतं, विरजण लावलं तर दही लागतं. तसंच एखाद्या मैत्रिणीच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा. हेच टाकीचं विरजण. तो वाळू देऊ नका आणि नळाखाली धुऊ नका, नाहीतर जिवाणू मरतील. विरजण लावलं तरी सगळे मासे एकदम सोडू नका. आधी दोन-तीन गप्पी, मग दोन-तीन आठवड्यांनी कोरी.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं पाणी काढून, टाकी साबणाने घासून, नवीन पाणी भरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मासे मरण्याचं ते एक मोठं कारण आहे. त्यात जिवाणूंची वस्ती दर वेळी मोडते, आणि साबण तर विषच. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा पिळून. काढलेलं पाणी फेकू नका. वांग्या-मिरचीच्या वाफ्याला, कुंडीतल्या कढीपत्त्याला घाला. ते पातळ खतच आहे.

डासांची कॉइल आणि फवारा यांचंही बघा. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. डास मारण्याच्या औषधांत जे कीटकनाशक असतं ते माशांना फार घातक. टाकीच्या खोलीत फवारा मारू नका. शेतात फवारणी करून आल्यावर आंघोळीआधी टाकीत हात घालू नका.

उन्हाळा आणि लोडशेडिंग

या माशांना २२ ते २८ अंश तापमान मानवतं. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात टाकीचं पाणी सहज त्याच्या वर जातं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. तेव्हा बाटलीत बर्फ गोठवून, झाकण घट्ट लावून ती टाकीत तरंगत ठेवा. झाकण उघडून पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्या. पण एकदम गार पाणी ओतू नका, त्या झटक्यानेच मासा जातो. उत्तर महाराष्ट्रातल्या कडाक्याच्या थंडीत उलट करा, टाकी बाहेरच्या भिंतीपासून दूर घ्या आणि जमलं तर छोटा हीटर लावा.

वीज जास्त वेळ गेली तर खाणं बंद ठेवा. मासा दोन दिवस उपाशी राहू शकतो, प्राणवायूशिवाय राहू शकत नाही. दर अर्ध्या तासाने तांब्यात टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचावरून धार धरा. त्या धारेबरोबर हवा आत जाते. बॅटरीवरचा पंपही मिळतो.

खाणं : उष्ट्यावर जगणारा मासा नव्हे

"सकर घाण खातो, त्याला वेगळं खाणं लागत नाही" हा सगळ्यात मोठा गैरसमज. सकर माशांची विष्ठा खात नाही. उलट तो स्वतःच एवढी विष्ठा करतो की टाकी जास्त मळते. तो खातो शेवाळ, आणि छोट्या टाकीतलं शेवाळ थोड्याच दिवसांत संपतं. मग तो हळूहळू उपाशी मरतो, पोट खपाटीला जातं, डोळे खोल जातात. ब्रिस्टलनोजला दुधी, काकडी किंवा दोडक्याची चकती मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून, गार करून, स्वच्छ धुतलेला गोटा बांधून रात्री टाकीत सोडा. उरलेली सकाळी काढून टाका. त्याला कुरतडायला टाकीत लाकडाचा तुकडा हवा. तो दुकानातून टाकीसाठीचाच घ्या, सरपणातला नको.

कोरीला तळाला बसणाऱ्या गोळ्या लागतात. वरचे मासे आधी खाऊन टाकतात, म्हणून दिवा बंद केल्यावर दोन-चार गोळ्या टाका. चपाती, भात, शेव, बिस्कीट अजिबात नको. उरलेलं कुजतं आणि पुन्हा तोच अमोनिया.

आणताना आणि आजारात

आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्या. मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, मग मासा सोडा. शक्य असेल तर नवीन मासा दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, म्हणजे त्याचा आजार सगळ्यांना लागणार नाही.

मिशीवाल्याला जाळीने पकडू नका. काटे जाळीत अडकतात, सोडवताना पर फाटतो. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून त्यात हाकला. मुठीत तर धरूच नका.

आजारात घाई करू नका. यांना खवले नाहीत, त्यामुळे मीठ आणि औषध यांना लवकर बाधतं. "मूठभर मीठ टाका" हा सल्ला गप्पीला सोसेल, कोरीला सोसेलच असं नाही. कॅटफिश आहे हे दुकानदाराला सांगूनच औषध घ्या. आणि औषधाआधी पाणी बदलून बघा.

नकोसा झाला तर?

आता मुख्य गोष्ट. सकर दक्षिण अमेरिकेतला. तिथे त्याला खाणारे प्राणी आहेत. आपल्याकडे त्या कडक चिलखताला तोंड लावायला फारसं कुणी धजत नाही. थोड्याशा प्राणवायूवर जगतो, पाण्याबाहेरही कित्येक तास तग धरतो. काठाच्या मातीत खोल बिळं करून अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. बिळांनी काठ ढासळतो. शेवाळ खाता खाता तो आपल्या माशांचं खाणं संपवतो आणि तळाला चिकटलेली त्यांची अंडीही पोटात जातात.

हे नुसतं बोलणं नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांमध्ये, केरळ-तामिळनाडूत, आंध्र-तेलंगणात हा मासा पसरला आहे. तिकडे त्याला 'सैतान मासा' म्हणतात. २०२० साली तो वाराणसीजवळ थेट गंगेत सापडला. आपल्याकडे भीमेवरच्या उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हे मासे कुणी विमानातून आणून टाकले नाहीत. कुणाच्या तरी टाकीत, कुणाच्या तरी विक्रीच्या तळ्यात ते होते. काही सोडले गेले, काही पुरात निसटले.

याचा भुर्दंड कुणाला? जो पहाटे जाळं ओढतो त्याला. काटेरी चिलखती मासा जाळ्यात गुंतला की सोडवताना जाळं फाटतं, हात रक्तबंबाळ होतात, आणि त्या माशाला बाजारात गिऱ्हाईक नाही. फाटलेलं जाळं विणत बसते ती घरातली बाई. टोपलीत रोहू-कटला कमी आला तर दारोदार फिरून विकणाऱ्या बाईची त्या दिवसाची कमाई कमी होते. आणि गटाचा हप्ता त्याच कमाईतून येतो.

काही मैत्रिणी विचारतात, "आरोग्य खातं गप्पी सोडतं ना हौदात? मग आम्ही सकर सोडला तर काय?" गप्पीही परदेशीच आहे. पण तो डासांच्या अळ्या खाण्यासाठी, साठलेल्या पाण्यात, खात्याच्या माणसांकडून सोडला जातो. त्या कामाची तिथे गरज आणि देखरेख आहे. आपण आपल्या मनाने ओढ्यात काही सोडावं याला तो दाखला होत नाही.

"जीव सोडला तर पुण्य लागतं" असंही म्हणतात. एक जीव सोडून तळ्यातले हजार जीव उपाशी मारले तर ते पुण्य कसलं? म्हणून विहिरीत नको, ओढ्यात नको, मंदिराच्या कुंडात नको, विसर्जनाच्या तळ्यात नको. शेततळ्यातही नको. पावसाळ्यात शेततळं सांडलं की पाणी ओढ्यालाच जातं, ओढा नदीला.

मग करायचं काय? ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या. घेताना हे आधीच विचारून ठेवा: "मोठा झाला तर परत घ्याल का?" नाही तर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. शाळा, हॉटेल, मत्स्यालय यांना विचारा. काहीच जमलं नाही तर तालुक्याच्या पशुवैद्यकाला किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारा. मासा मेला तर खड्डा करून पुरा, नाल्यात टाकू नका. टाकीतली पाणवनस्पती आणि गोगलगायीसुद्धा ओढ्यात फेकू नका, उन्हात पूर्ण वाळवून खतात घाला.

तुमच्यापैकी कुणाला रंगीत मासे वाढवून विकायचे असतील तर तो चांगला जोडधंदा आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या परसात शोभेचे मासे वाढवण्यासाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्यावर आपण वेगळा भाग करू. पण विकायला बसलात तर मोठा सकर आणि थाई मागूर आपल्या टबात नकोतच, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला मासा केवढा होणार ते सांगूनच विका. गटाचं नाव त्यानेच राहतं.

बैठकीच्या वहीत लिहून घ्या

१. मासा आज केवढा आहे ते बघू नका, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते विचारा.

२. पाठीवरच्या परात दहा किंवा जास्त काड्या असलेला सकर घ्यायचा नाही.

३. नवीन टाकीला आधी विरजण, मग मासे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं नाही.

४. कोरी सहाच्या घोळक्याने, बारीक वाळू, करवंटीचं घर आणि रात्रीचं खाणं.

५. टाकीतला कोणताही जीव गावच्या पाण्यात सोडायचा नाही.

पाचवा मुद्दा पुढच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचा, आणि गटातल्या कुणाच्या घरी सकर आहे का ते विचारा. असेल तर त्या ताईला दोष देऊ नका. तिलाही दुकानदाराने तेच वाक्य सांगितलेलं असतं. तो मासा कुठे द्यायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवा.